शिलाईच्या टाक्यावर मालकी कुणाची?

ईदची गर्दी ओसरली की आमच्या दुकानात तुकड्यांचा हिशेब सुरू होतो. थानातून कापड फाडता फाडता शेवटी जे उरते त्याला कोणी कटपीस म्हणतो, कोणी नुसता तुकडा. अडीच मीटर उरले तर कमीज निघते, मीटरभर उरले तर ब्लाउज, त्याहून कमी उरले तर लहान पोराचे झबले. कापडाच्या धंद्यात नफा पुष्कळदा याच तुकड्यांत अडकून पडलेला असतो, हे आमच्या व्यापारी बंधूंना वेगळे सांगायला नको.

आमचा एक भाचा येथेच सिंदी मेघे येथे राहतो. त्याने इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आहे. 2017 साली जीएसटी आला आणि बिले संगणकावर काढणे भाग पडले, तेव्हा त्याने आमच्या दुकानासाठी एक सॉफ्टवेअर लिहून दिले. बिल तर ते काढतेच. शिवाय प्रत्येक थानात किती कापड उरले, त्या तुकड्यातून काय निघेल आणि तो कोणत्या गिऱ्हाइकाला दाखवावा, हेही सांगते. त्याचा उपयोग पाहून वर्ध्यातल्या चार-पाच दुकानदारांनीही ते घेतले.

मागच्या वर्षी एक सल्लागार गृहस्थ भाच्याला भेटले. त्यांनी सांगितले, "या तुकड्यांच्या हिशेबाचे पेटंट काढा. मग असा हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला तुम्हाला पैसे द्यावे लागतील." त्यांची फी बरीच मोठी होती, पण स्वप्न त्याहून मोठे होते. घरात दोन मते पडली. बहिणीचे म्हणणे, पोराच्या मेहनतीला मोल मिळते आहे तर नको का म्हणायचे? भाचा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, तुम्ही सांगाल तसे करतो."

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले, आयुष्य मीटर आणि कात्रीत गेलेले. संगणकातले आम्हाला काय कळणार? तरी आम्ही त्याच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. जाणकारांना विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून जे समजले ते आमच्याच धंद्यातल्या दाखल्यांनी येथे मांडत आहोत. आज आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचे बिल, खाते आणि स्टॉक कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरवर चालते. तेव्हा हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही.

पेटंट म्हणजे काय?

शासकीय मराठीत पेटंटला एकस्व म्हणतात. एखाद्याने नवी वस्तू किंवा ती बनवण्याची नवी रीत शोधली, तर तो सरकारकडे अर्ज करतो. आपली युक्ती तो कागदावर पूर्ण उघड करतो. त्याच्या बदल्यात सरकार त्याला 20 वर्षांचा हक्क देते. त्या काळात त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी ती वस्तू बनवायची नाही, विकायची नाही, ती रीत वापरायची नाही.

सौदा ऐकायला रास्त आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो रास्तच असतो. कोणी दहा वर्षे खपून एक औषध शोधले, तर ते एक औषध आहे. त्याची ओळख ठरलेली आहे. दुसऱ्याला आपण त्याच्या हद्दीत शिरलो की नाही हे कळते. सॉफ्टवेअरची गोष्ट तशी नाही. ती का नाही, हे समजण्यासाठी आपण एक कुर्ता घेऊ.

एका कुर्त्याचा हिशेब

साधा कुर्ता शिवताना दर्जी काय काय करतो ते पाहा. गळा कापतो, त्याला पट्टी लावतो, काज करतो, बटण बसवतो. खांदा जोडतो, बाही जोडतो. बगलेत चौबगला बसवतो, म्हणजे हात वर केला तरी कापड फाटत नाही. दोन्ही बाजूंना चाक सोडतो, खिसा लावतो, खाली तुरपाई करतो. यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा केली असेल. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे आली आणि सर्वांची झाली.

आता समजा, चौबगला एकाच्या मालकीचा ठरला, चाक दुसऱ्याचा, काजाचा टाका तिसऱ्याचा, आणि पट्टी आतून दुमडण्याची रीत चौथ्याची. दर्ज्याने कुणाचा कुर्ता पाहून नक्कल केलेली नाही. कापड त्याचे, कात्री त्याची, मेहनत त्याची. तरी एक कुर्ता विकण्यापूर्वी त्याने दहा दारांवर जाऊन परवानगी मागायची, आणि प्रत्येक दारावर थोडे थोडे पैसे ठेवायचे. शिलाईपेक्षा परवानगीच महाग पडेल.

सॉफ्टवेअर हा असाच कुर्ता आहे. फरक एवढाच की त्यात दहा टाके नसून हजारो असतात. यादी अक्षरांच्या क्रमाने लावणे हा एक टाका, चुकीचा आकडा लाल रंगात दाखवणे हा दुसरा, गिऱ्हाइकाचा पत्ता लक्षात ठेवून पुढच्या वेळी आपोआप भरणे हा तिसरा. औषधाच्या कारखानदाराला एका पेटंटचा विचार करावा लागतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोराला आपला कोणता टाका कुणाच्या हद्दीत पडतो याचा पत्ताच नसतो. "मला माहीत नव्हते" एवढ्यावरून काम थांबवण्याचा हुकूम टळत नाही.

बांध नसलेले शेत

येथे कोणी म्हणेल, आधी चौकशी करावी, मग काम करावे. ही चौकशीच तर कठीण आहे.

सिंदी मेघे हे आमचे गाव वर्धा शहराला अगदी चिकटून आहे. शहर कुठे संपले आणि गाव कुठे लागले, हे नव्या माणसाला रस्त्यावरून जाताना कळत नाही. तरी तंटा झाला तर तो मिटू शकतो. नकाशा आहे, सातबारा आहे, गट नंबर आहे, चतुःसीमा लिहिलेल्या आहेत. मोजणीदार येतो, खुणा गाडतो, आणि माझे कुठवर व तुझे कुठवर हे ठरते. मालकीचा हक्क टिकतो तो या खुणांमुळे.

सॉफ्टवेअरच्या पेटंटात अशा खुणा रोवता येत नाहीत. कापड मोजता येते, यंत्राचा दाता दाखवता येतो, पण हिशेबाच्या रीतीला बांध कुठे घालणार? अर्जातली भाषा बहुधा अशी असते: "माहिती साठवणारे एक साधन, ती माहिती पडताळणारे दुसरे साधन, आणि त्यावरून सूचना देणारे तिसरे साधन." या वर्णनात आमच्या भाच्याचे सॉफ्टवेअर बसते, बँकेचे बसते, रेल्वेच्या तिकिटाचेही बसते. चतुःसीमा न लिहिता सातबारा दिला तर सगळ्या गावात भांडण लागेल. तसेच हे आहे.

त्यात पुन्हा मुदत 20 वर्षांची. आमच्या धंद्यात साडीचे डिझाइन एक हंगाम चालते, फार तर दोन. 1995 साली संगणकावर जे नवे होते ते 2015 पर्यंत एकाच्या ताब्यात राहिले असते, तर मधल्या काळात आलेल्या पोरांनी काय लिहिले असते?

दोन विणकर

आमच्या बहिणीचा प्रश्न मात्र खरा होता. मेहनतीला मोल नको का?

हवे, आणि ते देणारा कायदा आहे. त्याला कॉपीराइट म्हणतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचे प्रोग्राम पुस्तकांप्रमाणे त्याच्या संरक्षणाखाली आले. लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर 60 वर्षे हा हक्क राहतो. नोंदणी केली तर पुरावा बळकट होतो, नाही केली तरी हक्क जात नाही.

या दोन हक्कांतला फरक असा. समजा, मालेगावात एका विणकराने कल्पना लढवून नवी किनार काढली, आणि त्याच महिन्यात भिवंडीत दुसऱ्या विणकराला स्वतःच्या डोक्याने तशीच किनार सुचली. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. कॉपीराइटची रीत म्हणते, कोणी कुणाची नक्कल केली नाही, दोघेही विणा. कोणी तिसरा त्यातल्या एकाची किनार पाहून जशीच्या तशी उतरवील तर तो चोर. पेटंटची रीत म्हणते, कचेरीत अर्ज घेऊन आधी कोण पोचला? त्याने विणावे, दुसऱ्याने माग बंद करावा.

आमच्या भाच्याचे सॉफ्टवेअर कोणी चोरून उतरवले तर त्याला पकडण्याची सोय आज आहे. दुसऱ्या कोणी स्वतः बसून तुकड्यांच्या हिशेबाचे वेगळे सॉफ्टवेअर लिहिले, तर त्याला रोखण्याचा हक्क आम्हाला का असावा? शेजारी दुसरे कापडाचे दुकान उघडले म्हणून आपण दावा लावत नाही. माल चांगला ठेवतो, भाव वाजवी ठेवतो.

कापडाच्या धंद्याने हे आधी भोगले आहे

आम्हाला नवल वाटले ते या गोष्टीचे की हा सगळा झगडा कापडाच्या धंद्यात अडीचशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे.

इंग्लंडात जॉन के याने 1733 साली धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. धोटा उपयोगी होता, म्हणून सर्वांनी वापरला. पैसे द्यायला कोणी तयार नव्हता. कारखानदारांनी वर्गणी काढून त्याच्याविरुद्ध खटले लढवले. के शेवटी फ्रान्सला गेला आणि गरिबीत मेला. रिचर्ड आर्कराइटने सूत कातण्याच्या यंत्रांवर पेटंट घेऊन मोठी दौलत कमावली, पण त्याचा हक्कही 1785 साली न्यायालयात रद्द झाला. युक्ती दुसऱ्यांची होती आणि अर्जातले वर्णन नीट उघड केलेले नव्हते, असे आक्षेप होते.

शिलाई मशीनची कथा तर आपल्या दर्जी बंधूंनी जरूर ऐकावी. अमेरिकेत एलियास हाउ याने 1846 साली पेटंट घेतले. आयझॅक सिंगर याने 1851 साली आपल्या मशीनचे घेतले. टोकाशी भोक असलेली सुई एकाकडे, कापड पुढे सरकवण्याची युक्ती दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. कोणा एकाला चांगले मशीन पूर्ण बनवता येईना. प्रत्येकाने प्रत्येकावर दावे लावले. शेवटी 1856 साली हाउ आणि तीन मोठ्या कंपन्यांनी आपली पेटंटे एका ठिकाणी जमा केली आणि मग बाहेरच्या प्रत्येक कारखानदाराकडून मशीनमागे पैसे घेऊ लागले. ही व्यवस्था 1877 पर्यंत चालली. मोठ्यांचे भांडण मिटले, ते छोट्यांच्या खर्चाने.

आजच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची रीत हीच आहे. त्या आपसात पेटंटांची देवाणघेवाण करतात. ज्याच्याकडे देण्यासारखे पेटंट नाही, त्याने रोकड मोजायची.

याउलट फ्रान्समधल्या जॅकार्डकडे पाहा. त्याने 1804 च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारा माग तयार केला. जिथे भोक तिथे ताणा उचलला जातो, आणि त्यातून बुट्टी उमटते. फ्रान्सच्या सरकारने हा माग सर्वांसाठी खुला केला. जॅकार्डला पेन्शन दिली आणि मागामागे ठराविक रक्कमही दिली. कारागिराला मोबदला मिळाला, हुनर मोकळे राहिले. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या हिशेबी यंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना घेतली. म्हणजे ज्याला आज प्रोग्राम म्हणतात त्याचे मूळ आपल्या मागावरच्या कार्डांत आहे. ती कार्डे कुणाच्या तिजोरीत बंद राहिली असती तर?

एक लाख रुपयांचा चरखा

असाच एक दाखला आपल्या देशात, आणि आमच्या वर्ध्याशी नाते असलेला आहे. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने गांधीजींच्या पुढाकाराने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे एक लाख! अटी कडक होत्या. चरखा खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा, आठ तासांत 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत निघावे, किंमत 150 रुपयांच्या वर जाऊ नये. आणखी एक अट होती. शोध लावणाऱ्याने हवे तर पेटंट घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर ते पेटंट चरखा संघाच्या नावे करून द्यावे.

या अटीमागचा विचार ध्यानात घेतला पाहिजे. कारागिराला फुकट राबवायचे नव्हते, म्हणून रक्कम मोठी ठेवली. पण कातणाऱ्या बाईने प्रत्येक चरख्यामागे कुणाला खंडणी द्यावी हेही मान्य नव्हते. सर्व अटी पुऱ्या करणारा चरखा मिळाला नाही आणि बक्षीस कोणालाच गेले नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, जे 1938 साली गांधीजींच्याच हस्ते उघडले, आजही चरख्यांचे नमुने पाहायला मिळतात. एकापुढे एक ठेवलेले ते चरखे पाहिले की कळते, प्रत्येक सुधारणा आधीच्याच्या खांद्यावर बसलेली आहे.

रस्ता झाल्यावर बसलेला नाका

संगणकाच्या जगातले दोन दाखले देऊन पुढे जाऊ.

संगणकावरची चित्रे लहान करून साठवण्याची 'जिफ' नावाची रीत 1987 साली निघाली. सर्वांनी ती वापरली. तिच्या आत चित्र दाबून बसवण्याची जी युक्ती होती, तिचे पेटंट युनिसिस या कंपनीकडे होते. 1994 च्या डिसेंबरात जाहीर झाले की या रीतीने चित्रे बनवणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना आता पैसे द्यावे लागतील. सात वर्षे रस्ता वाहता होता, दोन्ही बाजूंना दुकाने उठली होती, आणि मग नाका बसला. अमेरिकेतली त्या पेटंटची मुदत 2003 साली संपली.

अ‍ॅमेझॉन कंपनीला 1999 साली अमेरिकेत एक पेटंट मिळाले. विषय काय? जुन्या गिऱ्हाइकाने एकदाच बटण दाबावे आणि माल त्याच्या नावे लागावा. आपल्याकडे ओळखीचा गिऱ्हाईक दारातूनच म्हणतो, "नेहमीचे बांधून ठेवा, खात्यावर लिहा." ही रीत कुठल्या व्यापाऱ्याला नवी आहे? तरी त्या पेटंटच्या जोरावर एका मोठ्या पुस्तक कंपनीविरुद्ध मनाईहुकूम मिळाला. तो पुढे 2001 साली वरच्या न्यायालयाने उठवला. पेटंट मात्र 2017 पर्यंत टिकले.

उलट दाखला आपल्या सर्वांच्या गल्ल्यावर चिकटवलेला आहे. तो चौकोनी क्यूआर कोड 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला. कंपनीकडे पेटंट होते, पण ठरलेल्या नमुन्याप्रमाणे कोड वापरणाऱ्यांविरुद्ध ते बजावणार नाही, असे तिने जाहीर केले. म्हणून आज भाजीवाल्याच्या गाडीवरही तो लागला आहे. प्रत्येक कोडमागे चार आणे द्यावे लागले असते तर तो मॉलमधून बाहेर आला नसता.

हळद आणि आमच्या वालिदांच्या चिठ्ठ्या

आता आमच्या घरातल्या गोष्टीकडे परत येऊ. पंधरा दिवसांत आम्ही जुनी पेटी उघडली. तीत आमच्या वालिदांच्या हातच्या चिठ्ठ्या निघाल्या. ते प्रत्येक थानाला एक चिठ्ठी बांधत. किती गज होते, आज किती फाडले, किती उरले हे वर उर्दूत लिहिलेले. खाली कोपऱ्यात उरलेल्या तुकड्याचे काय निघेल आणि कोणत्या मोहल्ल्यातला गिऱ्हाईक घेईल, हेही लिहिलेले. काही चिठ्ठ्यांवर 1974 ची तारीख होती.

आम्ही त्या भाच्यापुढे ठेवल्या. तो बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, "मामू, मी तर नानांचेच काम संगणकावर चढवले आहे."

या ठिकाणी आम्हाला हळदीची आठवण झाली. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट एका विद्यापीठाला देण्यात आले. जे आपल्या घरोघरी आजी करते, त्याचे पेटंट! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, जिचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, त्याला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले 32 जुने दाखले जमवले. 1997 साली ते पेटंट रद्द झाले. उर्दूतली जुनी पुस्तकेही तेथे साक्षीला उपयोगी पडली, याचा आम्हाला विशेष आनंद वाटतो.

हळदीच्याच बाबतीत आमच्या वर्धा जिल्ह्यात योग्य हक्काचाही नमुना आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे हळद पिकवण्याची कोणाला बंदी झाली नाही. फक्त दुसरीकडची हळद वायगावच्या नावाने विकता येत नाही. नाव राखले, रीत खुली राहिली.

आपला कायदा काय म्हणतो?

आनंदाची गोष्ट अशी की आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत शहाणपण दाखवले आहे. 1970 च्या पेटंट कायद्यात 2002 साली जी दुरुस्ती झाली, तिने कलम 3 मध्ये (के) हे पोटकलम घातले. गणिताची रीत, व्यापाराची रीत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना शोध मानले जाणार नाही, असे ते सांगते. 2004 च्या डिसेंबरात सरकारने अध्यादेश काढून हे दार थोडे उघडले होते. उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरची जोड असेल तर पेटंट मिळावे, असे त्यात होते. 2005 च्या मार्चमध्ये संसदेने ती दुरुस्ती स्वीकारली नाही. त्याच वर्षी जुलैत युरोपच्या संसदेनेही अशाच प्रकारचा प्रस्ताव 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2014 साली सांगितले की जुनी कल्पना नुसती संगणकावर चढवली म्हणजे नवा शोध होत नाही.

पण सगळी गोम "निव्वळ" या शब्दात आहे. निव्वळ कुठे संपते? पेटंट कार्यालयाने 2015 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांवर आक्षेप आले आणि त्याच वर्षी त्या थांबवाव्या लागल्या. 2016 साली नव्या सूचनांत नव्या हार्डवेअरची अट आली. 2017 साली ती अट निघाली. 2019 साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की प्रोग्राममुळे खरा तांत्रिक परिणाम साधत असेल, तर केवळ त्यात प्रोग्राम आहे म्हणून अर्ज नाकारता येत नाही. यात तथ्य आहे. भरतकामाच्या संगणकी यंत्रात धागा तुटण्यापूर्वी ताण ओळखणारी नवी रचना कोणी केली, तर तो यंत्राचा शोध आहे आणि त्याला हक्क मिळावा. परंतु याच वाटेने नुसत्या हिशेबाच्या रीतीही आत शिरू पाहतात. वकील अर्जात "यंत्रणा" आणि "साधन" असे शब्द पेरतात. म्हणून कलम आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

आपण काय करावे?

आमच्या कुवतीप्रमाणे चार गोष्टी सुचवतो.

एक, आपल्या मुलाने सॉफ्टवेअर लिहिले असेल तर त्याच्या कॉपीराइटची नोंदणी करावी आणि नावासाठी ट्रेडमार्क घ्यावा. दोन्हींचा खर्च पेटंटच्या खटाटोपापेक्षा पुष्कळ कमी आहे. पेटंटच्या नावाने मोठी फी मागणाऱ्याला आधी कलम 3 (के) बद्दल विचारावे.

दोन, परदेशात माल विकणाऱ्यांनी तेथला कायदा वेगळा आहे हे विसरू नये. कॅनडाच्या ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीला 2006 साली अमेरिकेतल्या एका पेटंटधारक कंपनीला 61 कोटी 25 लाख डॉलर द्यावे लागले. पैसे घेणारी ती कंपनी स्वतः एकही फोन बनवत नव्हती.

तीन, भारतात पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, ते मंजूर होण्यापूर्वी, कोणीही व्यक्ती त्याला हरकत घेऊ शकते. हा हक्क कलम 25 ने दिला आहे. व्यापारी व कारागीर संघटनांनी याची माहिती ठेवावी. नागपूरला बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. विदर्भातल्या आपल्या शिकलेल्या पोरांनी तिचा फायदा घ्यावा.

चार, हरकत घ्यायची तर पुरावा लागतो, आणि तारीख असलेला पुरावा लागतो. हळदीचा खटला जुन्या कागदांनी जिंकला.

आमच्या भाच्याने त्या सल्लागारांना नकार कळवला. सॉफ्टवेअरवर त्याचे नाव आहे, कॉपीराइटची नोंद त्याने केली आहे, आणि दुकानदारांकडून तो वर्षाची वाजवी रक्कम घेतो. बिघाड झाला तर रात्रीही येतो. गिऱ्हाईक त्यासाठीच त्याच्याकडे टिकून आहे. हिंगणघाटच्या एका मुलाने तसेच सॉफ्टवेअर लिहिले आहे असे परवा कळले. भाचा थोडा चिंतेत पडला, मग त्याने आपल्यात दोन सुधारणा केल्या.

वालिदांच्या चिठ्ठ्या आम्ही फायलीत लावून ठेवल्या आहेत. ज्यांच्या दुकानात जुन्या खतावण्या, नमुन्यांच्या वह्या, उस्तादांच्या हातचे नक्शे पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. तुमच्या वडिलांची रीत उद्या कोणी स्वतःच्या नावावर लावू लागला, तर साक्ष द्यायला तेच कागद उभे राहतील.